गुडघा : अस्थिरचना व अस्थिबंधांची दुखापत

मांडीचे हाड (ऊर्वस्थी), नडगीचे हाड (अंतर्जंघास्थी) आणि गुडघ्याची वाटी (जान्वस्थी) या तीन हाडांच्या संयोगाने बनलेल्या सांध्यास गुडघा किंवा जानुसंधी म्हणतात. मानवी शरीरातील हा सर्वांत मोठा संधिद्रवयुक्त सांधा होय. शरीरातील सर्वांत लांब अशा दोन हाडांची टोके येथे एकत्र येतात. ही लांब हाडे तरफेसारखी कार्य करीत असल्यामुळे पाऊल किंवा धड यांवर पडणारा जोर गुडघ्यापाशी पुष्कळ वाढलेला असतो. असे असूनही या सांध्यातील हाडे परस्परांत घट्ट बसणारी नाहीत. खुब्याच्या सांध्यात मांडीच्या हाडाचे गोल डोके खोल खोबणीत बसते. गुडघ्यात मात्र दोन गोलसर फुगवटे जवळजवळ सपाट पृष्ठावर टेकलेले असतात. त्यामुळे गुडघ्याचे स्थैर्य मुख्यतः अस्थिबंध (दोन हाडांना जोडणारे चिवट तंतुमय पट्टे), अर्धचंद्राकृती उपास्थी आणि स्नायू यांवर अवलंबून असते.

यावरून हाडांच्या आकाराला महत्त्व नाही असा अर्थ मात्र होत नाही. हाडांचे उतार, खोली व रुंदी यांवरून कोणत्या अस्थिबंधावर किती ताण पडेल हे पुष्कळ अंशी ठरते. हे आकार व्यक्तिपरत्वे भिन्न असतात. सारख्याच खेळात, सारख्याच तऱ्हेने उडी मारून उतरणाऱ्या दोघांपैकी एकाचा अस्थिबंध तुटतो आणि दुसऱ्याचा तुटत नाही, याचे एक कारण या भिन्नतेत आढळते. 

अस्थिरचना : मांडीच्या हाडाचे खालचे टोक रुंद होऊन त्याचे दोन फुगवटे झालेले असतात. त्यांना स्थूलक म्हणतात. आतील बाजूच्या स्थूलकाचे सांधापृष्ठ बाहेरील स्थूलकापेक्षा अधिक लांब असते. समोरच्या बाजूस दोन्ही स्थूलक एका उथळ पन्हळीने जोडलेले असून गुडघा वाकताना वाटी या पन्हळीतून सरकते. मागील व खालील बाजूस त्यांच्यामध्ये एक खोल खाच असते. गुडघ्याच्या मध्यभागी असलेल्या दोन प्रमुख अस्थिबंधांना या खाचेतच जागा मिळालेली असते.

नडगीच्या हाडाचे वरचे टोक पठारासारखे पसरट असते. त्याचे दोन भाग पडतात. आतील भाग मोठा, लंबगोल व किंचित खोलगट असून बाहेरील भाग लहान, अधिक गोल व किंचित फुगीर असतो. अशा प्रकारे बाहेरील बाजूस फुगीर पृष्ठावर फुगीर पृष्ठच टेकलेले असल्यामुळे त्या बाजूची हाडे सहज सरकू शकतात. दोन भागांच्या मध्ये हाडाचा लहानसा उंचवटा असतो. हे पठार आडवे सपाट नसून समोरून मागे उतरते असते. हा उतार सामान्यतः ५° ते १०° च्या आसपास असतो. परंतु काही व्यक्तींत तो याहून बराच कमी किंवा अधिक आढळतो आणि एकाच गुडघ्यात आतील व बाहेरील भागांचा उतार वेगवेगळा असू शकतो.

वाटी हे स्नायूच्या कंडरेत (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या भागात) तयार होणाऱ्या हाडांपैकी सर्वांत मोठे हाड आहे. जन्माच्या वेळी ती उपास्थीची असते व साधारणपणे तिसऱ्या ते सहाव्या वर्षांदरम्यान तिच्यात अस्थिभवन सुरू होते. मांडीच्या समोरील स्नायूंची ओढ वाटीमार्फत नडगीवर पोहोचते. पोटरीच्या बाहेरील बाजूचे बारीक हाड (बहिर्जंघास्थी) गुडघ्याच्या सांध्यात प्रत्यक्ष भाग घेत नाही. तथापि बाहेरील पार्श्वबंध त्याच्या डोक्याला जोडलेला असतो.

मांडी व नडगी यांच्या हाडांमध्ये प्रत्येक बाजूस एक याप्रमाणे दोन अर्धचंद्राकृती उपास्थी असतात. त्या कडेला जाड व मध्याकडे पातळ असल्यामुळे सपाट पठाराला थोडा खोलगटपणा येतो, भार अधिक क्षेत्रावर विभागला जातो आणि धक्के शोषले जातात.

अस्थिबंध : गुडघ्याचे प्रमुख अस्थिबंध चार आहेत. दोन कडांना दोन पार्श्वबंध असतात. आतील पार्श्वबंध रुंद व पट्टीसारखा असून तो आतील अर्धचंद्राकृती उपास्थीशी जोडलेला असतो. तो नडगीला बाहेरच्या बाजूस झुकू देत नाही. बाहेरील पार्श्वबंध दोरीसारखा असून तो उपास्थीपासून अलग असतो.

उरलेले दोन अस्थिबंध सांध्याच्या मध्यभागी फुलीप्रमाणे एकमेकांस ओलांडून जातात, म्हणून त्यांना स्वस्तिक बंध म्हणतात. अग्र स्वस्तिक बंध नडगीच्या पठाराच्या समोरील भागापासून निघून वर, मागे व बाहेरच्या दिशेने जातो आणि मांडीच्या हाडाच्या बाहेरील स्थूलकाच्या खाचेकडील पृष्ठाला चिकटतो. त्याची लांबी सु. ३ सेंमी. असून रुंदी सु. १ सेंमी. असते. नडगी पुढे सरकू न देणे हे त्याचे मुख्य कार्य होय. गुडघा वाकलेला असताना या सरकण्याला होणाऱ्या एकूण विरोधापैकी सु. ८५ टक्के विरोध हा एकटा अस्थिबंध करतो, असे प्रयोगांत आढळले आहे. नडगी आत वळण्यालाही तो आळा घालतो. पश्च स्वस्तिक बंध अधिक जाड असून तो नडगीला मागे सरकू देत नाही.

अग्र स्वस्तिक बंधाच्या बळाचे मापन १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात करण्यात आले. तरुण व्यक्तींच्या गुडघ्यांत तो तुटण्यास सरासरी सु. २,१६० न्यूटन, म्हणजे सुमारे २२० किग्रॅ. वजनाइतका जोर लागला. साठीपुढील व्यक्तींच्या गुडघ्यांत सु. ६६० न्यूटन जोर पुरेसा ठरला. खेळाडूंत व रुग्णालयांत हा अस्थिबंध ‘एसीएल’ या इंग्रजी आद्याक्षरांनी ओळखला जातो. पुढील विवेचन मुख्यतः त्याच्याविषयी आहे.

हालचाल : गुडघा हा नुसता बिजागरीचा सांधा नव्हे. तो वाकताना मांडीचे हाड पठारावर गडगडते व त्याच वेळी घसरते. गुडघा पूर्ण सरळ होत असताना अखेरच्या सु. २०° हालचालीत नडगी थोडी बाहेर वळते आणि मळसूत्र घट्ट बसावे तसा सांधा जागच्या जागी कुलूपबंद होतो. आतील स्थूलक अधिक लांब असण्याशी या हालचालीचा निकटचा संबंध आहे. यामुळे माणसाला स्नायूंना फारसे न शिणवता ताठ उभे राहता येते. गुडघा किंचित वाकताच हे कुलूप उघडते आणि नडगी आत-बाहेर वळू शकते. धावताना एकदम दिशा बदलणे त्यामुळे शक्य होते. मात्र अस्थिबंधांवरील संकटही याच स्थितीत येते.

दुखापतीची क्रिया : अग्र स्वस्तिक बंधाच्या बहुसंख्य दुखापती दुसऱ्या खेळाडूची धडक न बसता होतात. उडी मारून एका पायावर उतरणे, वेगात धावताना अचानक थांबणे किंवा पाऊल जमिनीवर रोवलेले असताना धड वळवणे, हे त्यांचे नेहमीचे प्रसंग होत. अशा वेळी गुडघा जवळजवळ सरळ असतो व आतल्या बाजूस कलतो, नडगी वळते आणि मांडीच्या समोरील स्नायू जोराने आकुंचन पावून नडगीला पुढे ओढतात. मांडीच्या मागील स्नायू तिला मागे ओढून धरू शकतात. परंतु गुडघा सरळ असताना त्यांची ओढ योग्य कोनात लागत नाही.

हे सर्व अत्यल्प काळात घडते. हँडबॉल व बास्केटबॉल खेळणाऱ्या स्त्रियांच्या दुखापतींच्या दहा चित्रफितींचे विश्लेषण २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार पाऊल जमिनीला टेकल्यापासून सु. ४० सहस्रांश सेकंदात, म्हणजे सेकंदाच्या पंचविसाव्या भागात, अस्थिबंध तुटलेला असावा. एवढ्या वेळात धोका जाणवून स्नायूंनी प्रतिसाद देणे अशक्य असते. गुडघ्याचे रक्षण पाऊल टेकण्यापूर्वीच सिद्ध असलेल्या दोन गोष्टींवर अवलंबून राहते : हाडांची जन्मजात व वाढीच्या वयात घडलेली ठेवण आणि शरीराला लागलेली उतरण्याची सवय.

कबड्डीत चढाई करणाऱ्याचा घोटा पकडीत अडकलेला असताना त्याने मध्यरेषेकडे झेप घेतली, तर पाऊल स्थिर राहून मांडी व धड वळते. खो-खोत पाठलाग चुकवताना एकाएकी दिशा बदलावी लागते. या दोन्ही खेळांत गुडघ्याच्या अस्थिबंधांना इजा होण्याचा संभव असतो. दुचाकीवरून वाकलेल्या गुडघ्यावर पडल्यास नडगी मागे ढकलली जाऊन पश्च स्वस्तिक बंध तुटू शकतो. मोठ्या अपघातात एकाच वेळी अनेक अस्थिबंध तुटून गुडघा निखळतो व त्यामागील मुख्य रोहिणीलाही इजा पोहोचू शकते. अशा वेळी पायाचा रक्तपुरवठा तपासण्यास विलंब झाल्यास पाय गमावण्याची वेळ येते.

मुलांमध्ये हाडांची वाढ पुरी झालेली नसते. त्यांच्यात पुष्कळदा अस्थिबंध तुटण्याऐवजी तो जेथे नडगीला चिकटलेला असतो तो हाडाचा उंचवटाच उखडला जातो. 

हाडांचा आकार व धोका : अग्र स्वस्तिक बंधाच्या दुखापतीशी संबंधित अशा हाडांच्या तीन वैशिष्ट्यांचा विशेष अभ्यास झाला आहे.

(१) खाचेची रुंदी : मांडीच्या हाडातील खाच अरुंद असल्यास अस्थिबंध तिच्या कडेवर घासला किंवा दाबला जाण्याचा संभव असतो, शिवाय अरुंद खाचेत बहुधा बारीक अस्थिबंध असतो. शरीराच्या लहानमोठेपणाचा परिणाम टाळण्यासाठी खाचेच्या रुंदीला दोन्ही स्थूलकांच्या एकूण रुंदीने भागून निर्देशांक काढतात. तो सरासरीने सु. ०·२३ असतो. अमेरिकेतील सूर्याल व त्यांचे सहकारी यांनी १९८८ मध्ये दोन्ही गुडघ्यांचे अस्थिबंध तुटलेल्या रुग्णांत अरुंद खाच आढळत असल्याचे दाखविले. त्याच देशातील वेस्ट पॉइंट येथील सैनिकी विद्यालयातील ८५९ छात्रांची चार वर्षे पाहणी करून २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही अरुंद खाच व सांध्यांचा सर्वसाधारण सैलपणा या धोक्याच्या बाबी ठरल्या.

(२) पठाराचा उतार : उतरत्या फळीवर ओझे ठेवले असता ते खाली घसरते. त्याचप्रमाणे शरीराचा भार पठारावर पडताच मांडीचे हाड मागे घसरू पाहते, म्हणजेच नडगी तुलनेने पुढे ढकलली जाते. उतार जितका अधिक तितका अग्र स्वस्तिक बंधावरील ताण अधिक. पठाराच्या बाहेरील भागाचा उतार जास्त असल्यास तो भाग अधिक पुढे येऊन नडगी आत वळते व ताण आणखी वाढतो. याउलट, पश्च स्वस्तिक बंधाच्या दृष्टीने असा उतार सोयीचा असतो. त्या अस्थिबंधाच्या दुखापती झालेल्यांत उतार कमी असल्याचे आढळते. एकच ठेवण एका अस्थिबंधाला जाचक तर दुसऱ्याला साहाय्यक ठरते.

(३) पठाराची खोली : पठाराच्या आतील भागातील खोलगटपणामुळे मांडीच्या हाडाला बसण्यास जागा मिळते. हा भाग उथळ असल्यास हाडे सरकण्यास होणारा विरोध कमी होतो व अस्थिबंधावरील भार वाढतो.

वाटीच्या बाबतीतही असाच संबंध दिसतो. मांडीचे हाड खुब्यापासून गुडघ्याकडे आतल्या बाजूस तिरपे उतरत असल्यामुळे स्नायूंची ओढ वाटीला बाहेर खेचत असते. पन्हळीचा बाहेरील काठ उंच असल्याने वाटी सहसा निसटत नाही. पन्हळ जन्मतः उथळ किंवा सपाट असलेल्या व्यक्तींत मात्र ती वारंवार बाहेर निसटते आणि तिला आतील बाजूने धरून ठेवणारा अस्थिबंध फाटतो.

स्त्री-पुरुष भेद : फुटबॉल, बास्केटबॉल यांसारख्या खेळांत अग्र स्वस्तिक बंधाच्या दुखापतीचे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत दोन ते चार पटींनी अधिक असल्याचे निरनिराळ्या पाहण्यांत आढळले आहे. स्त्रियांत खाचेची सरासरी रुंदी कमी व अस्थिबंध आकाराने लहान असतो. श्रोणी रुंद असल्यामुळे मांडीचे हाड अधिक तिरपे असते, हेही कारण पूर्वी पुढे केले जात असे. परंतु त्याला मिळालेला पुरावा तोकडा आहे. उडीनंतर गुडघा कमी वाकवून व आत कलवून उतरण्याची प्रवृत्ती आणि लहानपणापासून मिळणारे कमी प्रशिक्षण या बाबींचाही भेदात वाटा आहे. त्यामुळे हा भेद केवळ हाडांच्या माथी मारणे योग्य नव्हे.

वर सांगितलेली सर्व मापे समूहांच्या सरासरीशी संबंधित आहेत. दुखापत झालेल्यांची व न झालेल्यांची मापे मोठ्या प्रमाणावर एकमेकांत मिसळलेली असतात. उतार जास्त असूनही आयुष्यभर खेळलेल्या व्यक्ती आहेत आणि रुंद खाच असूनही अस्थिबंध तुटलेल्या व्यक्तीही आहेत. केवळ क्ष-किरण चित्र पाहून एखाद्या मुलामुलीला खेळापासून परावृत्त करण्यास शास्त्रीय आधार नाही.

निदान : दुखापतीच्या क्षणी पुष्कळांना गुडघ्यात ‘फट्’ असा आवाज झाल्याचे जाणवते. काही तासांतच सांध्यात रक्त साठून गुडघा सुजतो. दोन-तीन आठवड्यांत सूज व वेदना ओसरतात, रुग्ण सरळ चालू लागतो आणि पाय नुसता मुरगळला होता असा त्याचा समज होतो. जिना उतरताना किंवा वळताना गुडघा एकाएकी दगा देऊ लागला म्हणजे खरा प्रकार लक्षात येतो. तोपर्यंत खेळ चालू ठेवल्यास अस्थिर सांध्यात अर्धचंद्राकृती उपास्थी फाटते आणि पुढील काळात संधिझीज होण्याचा धोका वाढतो. म्हणून दुखापतीनंतर काही तासांत सुजलेला गुडघा तज्ञाला दाखविणे अगत्याचे असते.

गुडघा २०° ते ३०° वाकवून एका हाताने मांडी स्थिर धरावी व दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढून पाहावी, ही लॅकमन यांच्या नावाने ओळखली जाणारी व १९७६ मध्ये वर्णिलेली चाचणी निदानास फार उपयुक्त आहे. क्ष-किरण चित्रात अस्थिबंध दिसत नाहीत. परंतु हाडांवरील खुणा दिसतात. नडगीच्या पठाराच्या बाहेरील कडेचा छोटा तुकडा निघालेला असणे हे अग्र स्वस्तिक बंध तुटल्याचे सूचक चिन्ह मानतात. फ्रेंच शस्त्रक्रियाविशारद पॉल सेगाँ यांनी त्याचे वर्णन १८७९ मध्ये, म्हणजे क्ष-किरणांचा शोध लागण्यापूर्वी सोळा वर्षे, केले होते. चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमेत (एमआरआय) तुटलेला अस्थिबंध, उपास्थीची इजा व हाडांना बसलेला अंतर्गत मार स्पष्ट दिसतो.

उपचार : प्रथमोपचार म्हणून खेळ ताबडतोब थांबवून गुडघ्याला विश्रांती द्यावी, कापडात गुंडाळलेल्या बर्फाने शेकावे, दाबपट्टी बांधून पाय उंच ठेवावा. सुजलेला गुडघा चोळणे किंवा ओढून ‘बसविण्याचा’ प्रयत्न करणे अपायकारक असते.

आतील पार्श्वबंधाला भरपूर रक्तपुरवठा असल्यामुळे तो बहुधा शस्त्रक्रियेवाचून भरून येतो. अग्र स्वस्तिक बंध मात्र संधिद्रवाने वेढलेला असल्यामुळे त्याच्या तुटलेल्या टोकांमध्ये रक्ताची गुठळी टिकत नाही व तो सहसा पूर्ववत जुळत नाही. इंग्लंडमधील मेयो रॉबसन यांनी १८९५ मध्ये स्वस्तिक बंध टाके घालून जोडला. १९१७ मध्ये हे ग्रोव्ह्झ यांनी मांडीवरील तंतुमय आवरणाची पट्टी हाडांत पाडलेल्या बोगद्यांतून ओवून नवा बंध तयार केला. आज हेच तत्त्व अनुसरून वाटीखालील कंडरेचा किंवा मांडीच्या मागील स्नायूंच्या कंडरांचा तुकडा संधिदर्शकाच्या साहाय्याने बसवितात. खाच फार अरुंद असल्यास ती थोडी कोरून रुंद करतात. नवा बंधही वारंवार तुटत असेल व पठाराचा उतार १२° हून अधिक असेल, तर हाडाची पाचर काढून उतार कमी करण्याची शस्त्रक्रिया निवडक रुग्णांत करतात.

शस्त्रक्रिया प्रत्येकालाच आवश्यक असते असे नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील एका चाचणीत १२१ तरुण रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एका गटावर लवकर शस्त्रक्रिया करण्यात आली. दुसऱ्या गटाला प्रथम व्यायामोपचार देऊन गरज भासल्यासच शस्त्रक्रिया करण्यात आली. दोन वर्षांनंतर दोन्ही गटांची स्थिती सारखीच आढळली आणि दुसऱ्या गटातील निम्म्याहून अधिक रुग्णांना तोवर शस्त्रक्रिया लागली नव्हती. वय, खेळ, गुडघ्याचा सैलपणा व उपास्थीची इजा यांचा विचार करून निर्णय घ्यावा लागतो. शस्त्रक्रिया झाली तरी स्नायूंचे बळ परत येईपर्यंत, सामान्यतः नऊ महिने तरी, दिशा बदलण्याच्या खेळांत पुन्हा उतरू नये.

प्रतिबंध : हाडांचा आकार बदलणे निरोगी व्यक्तीच्या हाती नाही, उतरण्याची रीत मात्र शिकता येते. खेळापूर्वीच्या १५–२० मिनिटांत मांडीच्या मागील व खुब्याच्या स्नायूंचे व्यायाम, एका पायावर तोल सांभाळणे, उडीनंतर गुडघे वाकवून व पावलांच्या रेषेत ठेवून हळुवार उतरणे आणि दिशा बदलण्याचा सराव यांचा समावेश केला, तर गुडघा आत कलण्याची सवय मोडते. जागतिक फुटबॉल संघटनेचा ‘फिफा ११+’ हा असाच एक व्यायामक्रम आहे. अशा कार्यक्रमांविषयीच्या अभ्यासांचे एकत्रित मूल्यमापन २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार अग्र स्वस्तिक बंधाच्या दुखापती सु. निम्म्याने आणि खेळाडू स्त्रियांमधील धडकेवाचून होणाऱ्या दुखापती सु. दोन-तृतीयांशाने कमी झाल्या. हा व्यायाम आठवड्यातून दोन-तीनदा व संपूर्ण हंगामभर करणे आवश्यक असते. खंड पडल्यास त्याचा लाभ कमी होतो. त्यासाठी कोणतीही महागडी साधने लागत नाहीत. शाळेच्या मैदानावर एखादा प्रशिक्षित शिक्षक तो करवून घेऊ शकतो आणि किशोरवयाच्या प्रारंभी त्याची सवय लावणे सर्वांत हितावह असते.